मास्तर मगरीवर

आमच्या ह्यांना सगळे मास्तर म्हणतात, पण ह्यांनी उभ्या जन्मात शाळेत शिकवलेलं नाही. उलट शाळेतल्या मास्तरांनीच ह्यांच्यापुढे हात टेकले होते, असं सासूबाई कौतुकाने सांगायच्या. धंद्याने हे वायरमन. मास्तर झाले ते मोठ्या हॉस्पिटलातल्या मणक्याच्या वॉर्डात, आणि तेही पाय गेल्यावर.

एका गोदामाच्या छतावर दिवे बसवत होते. पत्रा फुटला आणि हे खाली आले. पाठीच्या मणक्यांतून एक दोरी जाते, डॉक्टर तिला मज्जारज्जू म्हणतात, ती चेचली आणि कमरेखालचं सगळं अंग परकं झालं. हलत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे काही कळतही नाही. चटका बसला तरी कळत नाही, खडा रुतला तरी कळत नाही. आमची लेक तेव्हा रांगत होती. त्या दिवसांबद्दल मला फार बोलायचं नाही. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे आणि मी भांडायचे. नर्सशी, औषधाच्या दुकानदाराशी, आणि कोणी नसलंच तर ह्यांच्याशी. मी भांडखोर आहे असं माझ्या माहेरचेसुद्धा म्हणतात. म्हणू देत. त्या भांडणानेच आमचं घर उभं राहिलं.

एक दिवस मी ह्यांना म्हटलं, "तुम्हाला भिंतच बघायची असेल तर खुशाल बघा, पण निदान कूस तरी स्वतःची स्वतः बदला. तुम्हाला वळवून वळवून माझे हात गळून गेलेत." ह्यांना असा संताप आला, की पलंगाची दांडी धरली आणि दातओठ खात वळले. स्वतःचे स्वतः वळले! वर मला विचारतात, "झालं समाधान?" मला तिथल्या तिथे रडू फुटलं. नर्सला वाटलं, आमचं पुन्हा वाजलं.

त्यानंतर गाडी रुळावर आली. हे खुर्चीत बसायला शिकले, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून रिक्षात सरकायला शिकले. घराच्या पुढच्या खोलीत पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान टाकलं. पण वॉर्ड काही सुटला नाही. दुकान दुपारनंतर उघडायचं, कारण सकाळ वॉर्डाची. नव्याने पडलेल्यांना शिकवायला हे चाकं मारत तिकडे हजर. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी नेमलं नव्हतं. सुरुवातीला सिस्टर लोक नाक मुरडायच्या. मग वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टर मॅडम आल्या, त्यांनी दोन दिवस दारात उभं राहून ह्यांचं शिकवणं ऐकलं आणि सांगून टाकलं, "मास्तरांना अडवायचं नाही." तेव्हापासून हे मास्तर.

शिकवणी काय, तर जिवंत राहायची. ज्याला बुडाखालचं काही कळत नाही तो एकाच जागी बसून राहिला, तर तिथली कातडी मरते. जखम होते, ती आत आत हाडापर्यंत जाते, आणि कधी कधी माणसालाच घेऊन जाते. म्हणून थोड्या थोड्या वेळाने चाकांवर हात दाबून बूड उचलायचं. पँटला मागे खिसा नको, जाड शिवण नको, बटण तर अजिबात नको. आणि सकाळ-संध्याकाळ आपला मागचा भाग आरशात बघायचा. त्यासाठी ह्यांनी वायरिंगचा पाईप वाकवून टोकाला स्कूटरचा आरसा बसवला होता. तो हातात घेऊन पलंगावर आडवं व्हायचं आणि पाठीमागे काय चाललंय ते बघायचं. वॉर्डातल्या प्रत्येकाला हे असा आरसा करून द्यायचे.

जो ऐकत नसे त्याच्यासाठी 'मगर' होती. मगर म्हणजे एक लांबलचक, चपटी गाडी. जखम झालेल्याला बसायची बंदी, म्हणून त्याने हिच्यावर पालथं झोपायचं आणि पुढच्या दोन मोठ्या चाकांना हाताने रेटत वॉर्डभर फिरायचं. कोपरं बाहेर, हनुवटी पुढे, मागे नुसती लांबण. मगर हे नाव ह्यांचंच. कोणी मगरीवर दिसला की हे लांबूनच ओरडायचे, "काय हो, आरसा बघायला लाज वाटत होती ना? आता या सरपटत!" माणूस खजील होऊन हसायचा.

आणि प्रत्येक नव्या पेशंटला ह्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. "माझ्याकडे बघ. पडल्याला इतकी वर्षं झाली, अंगावर एक जखम नाही. मला जमलं, तुला का नाही जमणार?" हे म्हणताना छाती अशी पुढे यायची की मला घरी येऊन शर्टाची बटणं तपासावी लागायची.

त्या वर्षी मॅडम आमच्या दुकानात आल्या. मणक्याच्या दुखापतीवरची आंतरराष्ट्रीय परिषद आपल्या शहरात भरणार होती. देशोदेशीचे डॉक्टर येणार, आणि पेशंटने पेशंटला शिकवणं ह्या विषयावर मास्तरांनी बोलायचं. आपल्या भाषेतच बोला, म्हणाल्या, दुभाषी असतील. वॉर्डातल्यांना टीव्हीवर थेट दाखवायची सोयही केली होती. ह्यांना आकाश ठेंगणं झालं. मॅडम गेल्यावर मिक्सर उलटा जोडला आणि गिऱ्हाइकाला तसाच परत दिला.

लेक आता कमावती झालेली. तिने हौसेने बापाला सूट शिवला. कोट फक्कड होता. पँट मी उलटी केली तर मागे खिसा, आणि खिशाला हे एवढं टणक बटण. शिंप्याला सांगायचं राहून गेलं होतं. मी कात्री आणली. हे म्हणतात, "अगं, सुटाला कात्री लावतात का? एका दिवसाचा तर प्रश्न."

एका दिवसाचा कसला! हे रोज तो सूट घालून भाषणाची तालीम करायला लागले. म्हणे, कपडे अंगाला बसले की भाषणही बसतं. बूड उचलायची आठवण म्हणून मोबाइल वाजायचा, तो ऐन रंगात आल्यावर वाजतो म्हणून बंद केला. त्यातच ह्यांचे पाय एकसारखे उडायला लागले. असे झटके पूर्वीही यायचे, पण इतके नाही. मी विचारलं तर म्हणतात, "पायांनाही परिषदेची घाई झालीय." लेक खो खो हसली. मीसुद्धा हसले.

वॉर्डात तेव्हा एक ड्रायव्हर होता. ट्रक उलटून पाठ मोडलेली. तरुण, धिप्पाड, आणि दिवसभर भिंतीकडे तोंड. आरसा उशाशी तसाच पडलेला. त्याची आई माझ्याजवळ येऊन म्हणायची, "ताई, तुमच्या मालकांना सांगा ना, ह्याला खुर्चीत बसवा." हे रोज त्याच्यापाशी जाऊन आपलं वाक्य म्हणायचे. ड्रायव्हर पाठमोराच "हं" म्हणायचा. हे मला म्हणाले, "मला एकदा मोठमोठ्या डॉक्टरांपुढे रुबाबात बसलेला बघू दे त्याला. टीव्हीवर बघेल तेव्हा वळेल बरोबर."

परिषद तोंडावर आली होती. सकाळी मी कपडे भिजवायला घेतले आणि ह्यांच्या चड्डीवर एक डाग दिसला. पिवळट, मधे लालसर. "अहो," मी तिथूनच ओरडले, "आरसा कुठाय?"

मी खोलीत गेले. पाईपचा आरसा टेबलावर, पेनांच्या भांड्यात खोचून उभा केलेला. समोर भाषणाचे कागद. कपाटाचा आरसा उभ्या माणसाच्या उंचीचा, त्यात ह्यांचे नुसते केस दिसतात, म्हणून बोलताना चेहरा कसा दिसतो ते बघायला ह्यांनी हा घेतला होता. ज्यात मागचं बघायचं, त्यात हे तोंड बघत बसले होते!

मी ह्यांना आडवं केलं आणि पाहिलं. बरोबर बटणाएवढी जखम. आतापर्यंत मी ह्यांच्यावर इतकी ओरडले असेन, पण त्या वेळी तोंडातून शब्द फुटला नाही. मी गप्प आहे म्हटल्यावर ह्यांना काय ते समजलं.

हॉस्पिटलात मॅडमनी तपासलं. पाय उडत होते ते ह्या जखमेनेच, पण वेळेवर आलात, म्हणाल्या, भरून येईल. पण आजपासून बसणं बंद, पालथं झोपायचं, वॉर्डातच राहायचं. भाषणाची काळजी करू नका, ते मी वाचून दाखवते.

हे उशीत तोंड खुपसून म्हणाले, "मॅडम, वॉर्डात कोणाला सांगू नका. ताप आलाय म्हणा."

आता मात्र माझी जीभ मोकळी झाली. "तापाने तिथे भोक पडतं होय? आणि पालथे का झोपलात म्हणून विचारलं तर काय सांगणार, ताप पाठीवर चढलाय?"

मॅडमनी हसू दाबलं आणि त्या बाहेर गेल्या. हे मात्र हसले नाहीत. म्हणाले, "तुला गंमत वाटते. माझ्याकडे आहे काय? डिग्री आहे? हुद्दा आहे? ते एक वाक्य आहे, माझ्याकडे बघ म्हणून. त्याच्यावर ही सगळी माणसं माझं ऐकतात. ते गेलं तर उद्यापासून कशाच्या जोरावर शिकवू? मास्तर म्हणतील कशाला मला?"

खरंच होतं ते. ह्यांनी पायांवाचून संसार केला, पण त्या वाक्यावाचून हे वॉर्डात पाऊल टाकणार नव्हते, हे मला दिसत होतं. मी नुसता ह्यांच्या पाठीवर हात ठेवला, जिथपर्यंत कळतं तिथपर्यंत.

पलंग मिळाला तो नेमका ड्रायव्हरच्या शेजारचा. मास्तरांना ताप आहे, असं सांगत सिस्टरनी मधला पडदा ओढून घेतला. थोड्या वेळाने पडद्यापलीकडून आवाज आला. ड्रायव्हर आपण होऊन बोलतोय, हेच मला नवल वाटलं.

"मास्तर, ताप आलाय म्हणे."

"हं," हे म्हणाले.

"उतरेल हो. तुमचं काय, तुम्हाला कधी काही होतच नाही. तुम्ही वेगळ्या मातीचे. आमच्यासारख्याला नाही जमायचं ते. आई उगाच तुमच्या मागे लागते."

तो टोचून बोलत नव्हता. अगदी साधेपणाने, मनातलं बोलावं तसा बोलत होता. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचे कान लाल झाले होते. इतके दिवस जे वाक्य हे त्याला धीर म्हणून देत होते, ते त्या पोराने असं ऐकलं होतं! तुम्ही वेगळे, आम्ही वेगळे. आणि वाक्य ऐकून झालं की तो पुन्हा भिंतीकडे वळत होता.

ह्यांनी उशीवरचा गाल उचलला. मग म्हणाले, "अगं, पडदा सरकव."

मी पडदा सरकवला. ड्रायव्हरची पाठ दिसत होती.

"ए ड्रायव्हर," हे म्हणाले, "मला ताप नाही. मला जखम झालीय."

पाठ हलली नाही. मग हळूहळू मान वळली, आणि मानेपाठोपाठ खांदा. "कुठे?"

"जिथे होते म्हणून तुला रोज सांगतो, तिथेच."

"तुम्हाला? कशाने?"

"पँटीच्या बटणाने. आणि आरशात थोबाड बघत बसल्याने." ह्यांनी सगळं सांगितलं, कोट फक्कड होता तेही सांगितलं. पलीकडच्या पलंगावरचे म्हातारबुवा हसता हसता खोकायला लागले. ड्रायव्हर हसला नाही, पण डोळे मोठे करून ह्यांच्याकडे बघत राहिला. त्याचं तोंड मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं.

ह्यांनी मॅडमना निरोप धाडला. भाषण माझं मीच करणार, मगर तयार ठेवा.

परिषदेचं सभागृह एका बड्या हॉटेलात होतं. पायाखाली जाड गालिचे, प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पट्टी, मागे काचेच्या खोलीत दुभाषी. ह्यांच्या खुर्चीसाठी स्टेजला सुरेख उतार बांधला होता, पण मगर त्याच्या वळणावर वळेना. संयोजक घामाघूम. हे म्हणाले, "राहू द्या, मी खालूनच बोलतो. मगर पाण्यातच बरी." आणि वर कोट, खाली हॉस्पिटलची सैल सुरवार अशा थाटात हे पालथे पडून, दोन्ही हातांनी चाकं रेटत पहिल्या रांगेपुढे गेले. सभागृहात इतकी शांतता होती की चाकांची करकर ऐकू येत होती. मी दाराजवळ उभी. लेकीने माझा हात असा आवळला होता की बांगडी रुतत होती.

कॉलरला माइक लावला होता. हे म्हणाले, "नमस्कार. मी बसून बोलणार होतो. बसायची बंदी झालीय, कारण मी जे दुसऱ्यांना शिकवतो ते स्वतः केलं नाही." मग पाईपचा आरसा वर धरला. "हा आरसा बूड बघायचा आहे. मी ह्या भाषणाच्या तयारीसाठी त्यात तोंड बघत होतो. तोंड ठीक आहे. बुडाला जखम झाली."

आधी आपली भाषा कळणारे हसले. मग कानातल्या यंत्रातून दुभाष्याचं ऐकून बाकीचे हसले. असं दोनदा हसू आल्यावर ह्यांना जोर चढला.

"मी आजवर नव्या माणसाला सांगायचो, माझ्याकडे बघ, मला काही झालेलं नाही. परवा एका माणसाने मला सांगितलं, की हे ऐकल्यावर त्याला वाटतं, मास्तर वेगळे आणि आपण वेगळे. तो आता टीव्हीवर बघत असेल. त्याला मला सांगायचंय, बाबा रे, आपण एकाच मातीचे. मलाही झालं. बायकोने पाहिलं, मॅडमनी उपचार केला, आता भरेल. झालं तर सांगायचं आणि भरून काढायचं. इथून पुढे मी हेच शिकवणार आहे."

मग एकदम वॉर्डातला आवाज काढला. "बोलण्याच्या नादात वेळ गेला. इथे जेवढे चाकांवर आहेत त्यांनी हात दाबा आणि बूड उचला! मी थांबतो."

त्या सभागृहात चाकांवरचे बरेच होते. काही पेशंट, काही कार्यकर्ते, आणि पहिल्या रांगेत पांढऱ्या दाढीचे एक परदेशी डॉक्टर, तेही व्हीलचेअरवर. आधी इथले उचलले गेले, मग दुभाष्याचं वाक्य पोचेल तसतसे बाकीचे. मागच्या रांगांतून डोकी वर येत होती. दाढीवाले डॉक्टर तर हसत हसत हवेत तोलून राहिले, हे "खाली" म्हणेपर्यंत उतरेनात. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. मी माझ्या नवऱ्याकडे बघत होते. पालथा पडलेला, कोट चुरगळलेला, मान वर करून लाल झालेला. लग्नातसुद्धा मला हा माणूस इतका देखणा वाटला नव्हता.

वॉर्डात परत आलो तर ड्रायव्हरचा पलंग रिकामा. बघते तर तो ह्यांच्या पलंगापाशी खुर्चीत बसलेला. चेहरा पांढराफटक, बसायची सवय नाही म्हणून घेरी येत असावी. मागे त्याची आई खुर्ची घट्ट धरून उभी. सिस्टर म्हणाल्या, टीव्हीवर मास्तर "उचला" म्हणाले आणि हा ओरडायला लागला, मला आधी खुर्ची तर द्या!

ह्यांना पलंगावर पालथं घेतलं. सिस्टरनी जुनी पट्टी काढली आणि नवी आणायला गेल्या.

"मास्तर," ड्रायव्हर म्हणाला, "मला बघू द्या."

हे संकोचले. चार देशांच्या डॉक्टरांपुढे न लाजणारा माणूस! मग म्हणाले, "बघ."

ड्रायव्हरने खुर्ची पुढे सरकवली, वाकून बराच वेळ पाहिलं. ह्यांनीच त्याला शिकवलं होतं तसं, रंग बघितला, कडा बघितल्या. पाठमोरा पडून का होईना, सगळं ऐकत होता तर. "कडा स्वच्छ आहेत," तो म्हणाला. "वास नाही. भरेल मास्तर."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं." मग दोन्ही हात चाकांवर दाबले. दंड थरथरले, पण बूड उचललं. आणि परत टेकल्यावर खाली बघत, हळू आवाजात म्हणाला, "आता तुम्ही माझं बघा. मी अजून कधी पाहिलेलं नाही. भीती वाटते."

त्याची आई तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. आमच्या ह्यांनी मान वळवून माझ्याकडे हात पुढे केला.

"अगं, माझा चष्मा दे."

मी चष्मा पदराने पुसला. खरं तर आधी माझे डोळे पुसायला हवे होते, पण मास्तरांना घाई होती, म्हणून चष्मा आधी दिला.